बर्फाचा पिक्चर आणि आत्याचं लिंबलोण

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच काय ते कळलं. फोनवर बेडशाचा माझा चुलतभाऊ होता. म्हणाला, हौसाआत्या सुटली. पहाटे झोपेतच, कुणाला काही त्रास नाही, लोणावळ्याहून आत्ताच निरोप आला... सुटली बिचारी. मी म्हटलं, "सुटतं ते दावणीचं जनावर. आत्या गेली, असं म्हण." मग त्यानं गाडी कितीची आहे वगैरे सांगितलं आणि फोन ठेवला. मी वर्गावर परत गेले, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं आणि मग रजेचा अर्ज लिहायला बसले.

त्याला आता दीड महिना होत आला. या दीड महिन्यात मी 'बिचारी' हा शब्द इतक्या तोंडून ऐकला आहे की त्याची मला शिसारी आली आहे. दहाव्याला बिचारी, तेराव्याला बिचारी, पुण्यात भेटायला आलेल्यांच्या तोंडी तेच. ऐन तारुण्यात नवरा गेला, पोटी मूल नाही, दुसऱ्याच्या घरी चूल फुंकून जन्म काढला, म्हणजे बिचारी. हिशेब कसा सरळ! यातले निम्मे लोक असे की सणासुदीला आत्या समोर आली तर वाट बदलायचे. म्हणून आज लिहायला बसले आहे. रडायला नव्हे, भांडायला. आत्याही भांडलीच असती, फक्त तिला लिहिता येत नव्हतं आणि मला येतं. ते येतं तेही तिच्यामुळेच.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला वडिवळ्यात दिली होती, भाताची जमीन बघून. लग्नाला पुरते दोन पावसाळे झाले नाहीत तोच नवरा तापानं गेला आणि ती बेडशाला माहेरी परत आली. पुढं आमची आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ दिनू पाळण्यात होता आणि मी जेमतेम पळायला लागले होते. आम्हा दोघांना आत्यानं वाढवलं. ताप आला की उशाशी ती, पडलं-झडलं की हळद लावायला ती, शेंबूड पुसायला तिचाच पदर. पण घरात सण निघाला, पाहुणा आला, कुणी गावाला निघालं, की आत्याला नेमकं परसात काहीतरी काम निघायचं. कुणी तिला 'जा' म्हणायचं नाही. थोरली काकू नुसती म्हणायची, "वन्सं, गोवऱ्या झाकायच्या राहिल्यात का बगा की." आत्या परसात जायची आणि आधीच झाकलेल्या गोवऱ्या उघडून पुन्हा झाकायची. मला ते लहानपणी कळत नव्हतं. कळायला लागलं तेव्हापासून मला गोवऱ्यांचा वास सोसत नाही.

पंचावन्न-छप्पन साल असेल. आत्यानं एक दिवस भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं की लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्यात स्वैपाकाचं काम आहे, राहायला खोली आहे, मी जाते आणि शालनला, म्हणजे मला, शाळेसाठी घेऊन जाते. दिनू लहान होता, तो घरीच राहिला. त्याला सोडताना आत्या कशी निघाली असेल ते तिलाच ठाऊक. बंगला लोबोसाहेबांचा. साहेब गोव्याकडचे, सारी उमर घाटात इंजिन चालवून निवृत्त झालेले. बंगला म्हणायचं, पण होतं साधं कौलारू बैठं घर, पुढं रुंद ओटी आणि मागच्या अंगाला आमची खोली. साहेब मोठ्यानं बोलायचे, कारण इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय. लोबोबाई हळू बोलायच्या, कारण साहेबांच्या आवाजात दुसरं काही बोलता यायचं नाही.

बेडशात लगेच बोलवा उठली की हौसा बाटली. किरिस्तावाच्या चुलीवर रांधते म्हणजे त्यांच्यातलीच झाली. पुढच्या खेपेला आत्या गावी गेली तेव्हा पाणवठ्यावर एकीनं तोंडावरच विचारलं. आत्या म्हणाली, "त्यांच्या देवाकडं मी काय मागितलं न्हाई आन त्यानं बी माज्याकडं काय मागितलं न्हाई. तुज्या देवाचं तसं हाय का?" आणि हंडा उचलून चालू लागली.

आता तो पिक्चर. साहेबांकडे एक सिनेमाचं मशीन होतं आणि एकच पिक्चर. रेल्वेतला कुणी गोरा अधिकारी देश सोडून जाताना त्यांना देऊन गेला होता. दर नाताळाला सांज झाली की ओटीवर चादर ताणायची, साहेब स्टुलावर मशीन मांडायचे आणि आळीतले माळी, गवळी, रानातून मोळ्या घेऊन येणाऱ्या ठाकरवाडीच्या बाया, त्यांची पोरं, सगळी अंगणात फतकल मारून बसायची. लोबोबाई नेवऱ्या वाटायच्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच, आत्या पहिल्याच वर्षी ती लोबोबाईंपेक्षा पातळ लाटायला लागली. पिक्चरचं नाव काय ते कुणालाच माहीत नव्हतं. नावाची पट्टी फार पूर्वीच तुटून गेली होती. आम्ही त्याला बर्फाचा पिक्चर म्हणायचो.

गोष्ट एवढीशी. डोंगरातलं एक लहान गाव, तिथं एक म्हातारी आई. मुलगा आगगाडीवर कोळसा घालणारा. नाताळच्या दिवशी तो घरी यायचा असतो आणि त्याची गाडी बर्फात अडकते. आई दारात उभी राहून गाणं म्हणते, गाणं संपता संपता बर्फातून चालत मुलगा येतो, फाटक उघडतं, संपला पिक्चर. गाडी बर्फातून वर चढायची ना, तेव्हा लोबोसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत ताठ व्हायचे आणि पडद्यावरच्या ड्रायव्हरला सूचना द्यायचे. तो ऐकायचा नाही, दर वर्षी अडकायचाच. त्यावर साहेब दर वर्षी चिडायचे.

त्या पहिल्या नाताळात आत्या माझ्या शेजारी बसली होती. बर्फ म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. आम्हाला पाऊस ठाऊक, तोही घाटातला. पडद्यावर आभाळातून ते पांढरं पांढरं पडायला लागलं तेव्हा गवळ्याची बायको म्हणाली, कापूस. कुणी म्हणालं, पोह्यांचा कोंडा. आत्या म्हणाली, मीठ आहे ते. मग घरातलं झाड दिसलं, नाताळचं, बारीक बारीक पानांचं. आत्या म्हणाली, हे बघ, लिंबाचा डहाळा आणून ठेवलाय. आणि मग ती आई गायला लागली. गाण्याचं धृपद होतं, 'लीव्ह द लॅम्प ऑन', म्हणजे दिवा लावलेला राहू दे. मशीनची घरघर, भोंगा फुटका, बाई नाकात गाणारी... आत्याच्या कानावर पडलं ते 'लिंबलोण'.

तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? समोर लिंबाची पानं, वरून मीठ पडतंय, पोरगं संकटातून घरी यायचं आहे आणि आई कळवळून 'लिंबलोण, लिंबलोण' म्हणते आहे. आमच्याकडे माणूस लांबून, जिवावरच्या दुखण्यातून किंवा लढाईतून परत आला तर उंबऱ्याच्या आत यायच्या आधी त्याच्यावरून कडुलिंबाची पानं आणि मीठ ओवाळून टाकतात. लोण म्हणजे मीठच. आत्याला त्या परक्या पिक्चरातला शब्द अन् शब्द लागला. तिला वाटलं, एका पोराच्या वाटेवर देवानं वरूनच गावावर मीठ उतरून टाकलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते मी पडद्याच्या उजेडात पाहिलं.

पण तिला रडू आलं ते त्याचंच नव्हतं. पिक्चर संपल्यावर, चादरीची घडी घालताना तिनं लोबोबाईंना विचारलं, की या बाईचा धनी कुठं दिसला नाही तो? लोबोबाई म्हणाल्या, ती विधवा आहे, म्हणून काळे कपडे. आत्याचा हात थांबला. "मंग ती दारात कशी हुबी?" तिनं विचारलं. लोबोबाईंना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "पोर तिचा, दार तिचं. आणखी कोण उभं राहणार गो, हौसा?"

हे वाक्य आत्यानं घरी नेलं. घरी म्हणजे मागच्या खोलीत. त्या रात्री तिनं दोनदा तरी मला विचारलं, काळे कपडे म्हणजे नक्की रांडवच ना? मी हो म्हटलं. आता वाचणारे म्हणतील, दृष्ट काढायला म्हातारीकोतारीला कोण अडवतं? बरोबर आहे, नाही अडवत. ती काढायची मागल्या दारी, दिवेलागणीला, सगळं झाल्यावर. पण माणूस दारात आला की पहिल्या भेटीला समोर उभं राहायचं, तो उंबरा सवाष्णीचा. विधवेनं त्या वेळी तोंडसुद्धा दाखवायचं नाही. आणि इथं एक काळ्या कपड्यांची विधवा सगळ्या गावादेखत दारात उभी राहून लिंबलोण गात होती, आणि तिचं पोरगं बर्फातून जिवंत परत येत होतं. दर वर्षी येत होतं. याहून मोठा पुरावा आत्याला कुठला लागणार?

पुढं मी लोबोबाईंकडे इंग्रजी शिकले. आठवीत असेन, शिंगं फुटली होती. नाताळाच्या तोंडावर आत्या भाकऱ्या थापता थापता ते गाणं गुणगुणत होती. एव्हाना तिनं त्याला आपले शब्द बसवले होते. "लिंबलोण गं आये लिंबलोण, दारी आलंया कोन, लिंबलोण." चाल तीच साहेबाची, झुलत जाणारी. मी तिला सांगितलं की आत्या, ते लिंबलोण नाही, लॅम्प ऑन आहे, दिवा चालू ठेव असं ती म्हणते. आत्यानं भाकरी उलटली. ती तव्यावर फुगू दिली. मग म्हणाली, "दिवा वाट दिसाया लागतो. पोरगं तर दारात आलंय. आता दिवा कशाला?" आजही मी ते गाणं मनात म्हणते तेव्हा 'लिंबलोण' असंच म्हणते.

दिनू मोठा झाला आणि पलटणीत गेला. पासष्टची लढाई झाली. काही दिवस त्याची काहीच खबर नव्हती आणि मग कळलं, सुखरूप आहे, रजेवर येतोय. आत्या आणि मी बेडशाला गेलो. अख्खं गाव वेशीपर्यंत आलेलं. आत्यानं सकाळीच लिंबाची पानं आणि मूठभर खडेमीठ पदराच्या टोकाला बांधून ठेवलं होतं. दिनू दारापुढं आला, आत्या पुढं झाली, आणि काकू आडवी आली. हातात ताट होतं तिच्या. ओरडली नाही, हळूच म्हणाली, "वन्सं, तुमी मागं व्हा. पोराचं बरं बगायचं का न्हाई?" पोराचं बरं! ज्या पोराला जिनं छातीशी धरून वाढवलं तिला हे सांगायचं. आत्या माझ्याकडे बघून मागं सरली. परसात गेली. संध्याकाळी दिनू हात-पाय धुवायला मागं गेला तेव्हा तिनं गुपचूप त्याच्यावरून मीठ उतरलं.

रजा संपवून दिनू परत गेला, त्याला पार वर लडाखकडे धाडला. दुसऱ्या हिवाळ्यात तार आली की बर्फात पाय गारठून त्याच्या उजव्या पायाची बोटं काढावी लागली. आत्यानं ते ऐकलं आणि कितीतरी वेळ मिठाच्या बरणीकडे बघत बसली. तिच्या लेखी जे मीठ होतं ते बर्फ असं निघालं. बेडशात मात्र लोकांना कारण आधीच सापडलं होतं. हौसानं परसात नेऊन काहीतरी उतरलं ना? रांडवेची सावली पडली. काकू उघड म्हणाली. आत्याच्या कानावर ते आलं तेव्हा ती म्हणाली, मागल्या दारानं चोरून काढलेली दृष्ट मागल्या दारानंच परत आली. पुढल्या दारात उतरली असती तर परतली नसती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला ठाऊक आहे, मिठानं बोटं जातही नाहीत आणि येतही नाहीत. थंडीनं जातात. काकूचं म्हणणं ही अंधश्रद्धा आणि आत्याचं म्हणणं हीसुद्धा अंधश्रद्धाच, हे मला कुणी समजावू नये. पण एक अंधश्रद्धा बाईला परसात ढकलते आणि दुसरी तिला दारात आणून उभी करते, आणि या दोहोंत मी कुणाच्या बाजूची ते मी कधीच ठरवून टाकलं आहे.

दिनू इस्पितळातून सुटला, पलटणीनं घरी पाठवला. पुण्याहून पॅसेंजरनं कामशेतला उतरणार होता. आदल्या आठवड्यात भाऊ स्वतः तुंगार्लीला आले. लोबोसाहेबांच्या ओटीवर बसले, चहा प्याले नाहीत, टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, "आक्का, तू दोन दिसांनी ये. गाव लय बोलतंय." भाऊ वाईट नव्हते. त्यांना सगळ्यांशी बरं राहायचं होतं, आणि असली माणसं शेवटी जो जास्त ओरडेल त्याच्याशी बरी राहतात. आत्या हो म्हणाली. नेवऱ्यांचा डबा भरून त्यांच्या हातात दिला.

आणि त्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मला घेऊन लोणावळ्याहून निघाली. मध्ये मळवली, मग कामशेत. मी वाटेत विचारलं, तू तर हो म्हणालीस. म्हणाली, "बेडशाला दोन दिसांनी जाईन म्हनलं. तशीच जाईन." आम्ही फलाटावर उतरलो तर भाऊ, काकू, चुलते, भावकीतली पाच-सात माणसं आधीच येऊन उभी होती, बाहेर बैलगाडी जुंपलेली. आत्याला बघून काकूचं तोंड पडलं. आत्या फलाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पदराची गाठ सोडायला लागली. काकूला काय होणार ते कळलं. जवळ येऊन म्हणाली, "वन्सं, जे काय करायचं ते घरी दारात व्हईल. हितं तमाशा नगं."

आत्या म्हणाली, "दार तुमचं हाय. टेशन सरकारचं हाय."

तेवढ्यात गाडी आली. दिनू उतरला, एका हातात वळकटी, दुसऱ्या काखेत कुबडी. तो आधी भाऊंकडे वळणार होता, पण आत्यानं सांगितलं, "थांब तितंच." तो थांबला. समोरची मूठ बघितली आणि त्यानं टोपी काढून मान खाली घातली. आत्या म्हणाली, "मान वर धर. चोरी केल्यागत घेऊ नगं." दिनूनं मान वर केली. सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. भावकी बघत होती. एक चहावाला किटली खाली ठेवून बघत होता. आत्यानं त्याच्यावरून लिंब आणि मीठ उतरलं, त्या कापलेल्या पायावरून जरा जास्त वेळ, आणि तोंडानं ते गाणं म्हटलं. मोठ्यानं नव्हे, पण लपवूनही नव्हे. लिंबलोण गं आये, लिंबलोण... मग गाडी सुटली तशी मूठ रुळांवर उधळली, हात झटकले आणि भाऊंना म्हणाली, आता न्या त्याला. दारात काय ओवाळायचं ते ओवाळा.

याची किंमत तिनं मोजली. पुढं काही वर्षं बेडशाचा उंबरा तिला बंद होता. कुणाच्या लग्नाचा सांगावा नाही, देवाच्या उत्सवाचं बोलावणं नाही. मी कधी हळहळले तर म्हणायची, आता गोवऱ्या तरी झाकाव्या लागत नाहीत. दिनूला मात्र कुणी अडवू शकलं नाही. त्यानं पुढं कामशेतात सायकलचं दुकान टाकलं आणि दर महिन्याला लंगडत लंगडत तो तुंगार्लीला यायचा, मुद्दाम पुढच्या वाटेनं, साहेबांच्या ओटीवरून. दर खेपेला त्याला दारात थांबवलं जायचं आणि दर खेपेला तो मान वर धरून उभा राहायचा. त्याचं लग्न झालं, पोरं झाली, सगळी धडधाकट. पण तो पुरावा कुणी मोजत नाही. असले हिशेब एकाच बाजूनं होतात.

पिक्चर मात्र दर वर्षी आखूड होत गेला. फीत तुटायची, साहेब तेवढा तुकडा कापून पुढचं चिकटवायचे. आधी बाजाराचा देखावा गेला, मग देवळातला. साहेबांच्या शेवटच्या वर्षात तर असं झालं की आई गाणं म्हणते, फाटकाची कडी हलते... आणि लगेच पांढरा पडदा. मुलगा घरात यायचा राहिलाच. अंगणातल्या नव्या पोरांना कळेना, आला का नाही आला? आत्या जागेवरून म्हणाली, "आला की. मी बगितलाय." पोरांचं समाधान झालं.

साहेब गेले, मशीनचा दिवा उडाला, तसला दिवा मिळेना. तरी नाताळाला माणसं यायची. सवय. मग आत्याच ओटीवर उभी राहून पिक्चर सांगायची. चादर मागं ताणलेली हवीच, त्याशिवाय तिला सुधरायचं नाही. गाडी कशी चढली, मीठ कसं पडलं, म्हातारी दारात कशी उभी राहिली. लोबोबाई खुर्चीतून चुका काढायच्या, आत्या त्या मान्य करायची नाही. गाणं आलं की सगळं अंगण म्हणायचं, ठाकरवाडीच्या बायासुद्धा, लिंबलोण, लिंबलोण. पुण्यातल्या एका विद्वान स्नेह्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गोरा साहेब गेला पण साहेबाच्या सिनेमाची भुरळ गेली नाही, ही गुलामी आहे. मी त्यांना म्हटलं, त्या सिनेमात साहेबाचं असं आत्यानं काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. राहिली होती ती एक आई आणि एक दार. त्यांना ते पटलं नाही. न पटो.

त्र्याहत्तर साली माझे यजमान गेले. सगळं आटोपल्यावर मी एकटीच लोणावळ्याला आले. येताना पुण्याच्या नातलग बाईंनी बजावलं होतं, की वर्षभर कुणाच्या दारात अवचित उभी राहू नकोस, विचारून जा. मी मागच्या खोलीच्या दारात आले, पांढऱ्या कपाळानं, आणि मला वाटलं की आत्या आता गळ्यात पडेल आणि आम्ही दोघी रडू. आत्या आतून म्हणाली, "थांब तितंच." मूठ भरून आली. विधवेवरून लिंबलोण कुणी उतरत नाही, कारण तिचं व्हायचं ते वाईट होऊन गेलेलं असतं, आता तिला कुणाची दृष्ट लागणार? माझी मान आपोआप खाली गेली. तिनं हनुवटीला बोट लावून ती वर केली. गाणं पुरं म्हटलं. मग म्हणाली, "आता हे दार तुजं. यायला कुनाला इचारायचं न्हाई." त्यानंतर आम्ही रडलो. पण आधी ते झालं, मग रडलो.

ही माझी बिचारी आत्या.

गेल्या रविवारी मी तिची खोली आवरायला तुंगार्लीला गेले होते. नाताळ तोंडावर आला आहे. लोबोबाईंनी ओटीवर कागदी तारा टांगला होता. मी घराला वळसा घालून मागं आले. खोलीचं दार उघडंच होतं. आणि उंबऱ्याशी माझे पाय थांबले. थांबायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं इथं आलं की थांबायचं, हे पायांना ठाऊक होतं, मला नव्हे. आतून आवाज येणार नाही हे कळत होतं, तरी पाऊल उचलेना. वेड्यासारखी मी तशीच उभी.

"थांब गो तिथंच," आतून आवाज आला.

लोबोबाई. काळा झगा, साहेब गेल्यापासून त्यांनी दुसरा रंग घातलेला नाही. माझ्याआधीच येऊन आत्याच्या खाटेवर बसल्या असाव्यात. भिंतीला धरत धरत दारापर्यंत आल्या. मुठीत मीठ होतं आणि हिरवी पानं. मी पाहिलं तर तो कढीलिंब, आमटीत फोडणीला घालायचा, त्यांच्या स्वैपाकघराच्या दारातला. मी म्हटलं, "बाई, हा कढीलिंब आहे. कडुलिंब लागतो." त्या म्हणाल्या, "लिंबच ना? मग."

त्यांनी ओवाळलं ते उलट्या बाजूनं. अर्धं मीठ माझ्या खांद्यावर सांडलं. आणि त्या गायला लागल्या. ज्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं, ज्यांना त्या गाण्याचा शब्द अन् शब्द पाठ आहे, त्या लोबोबाई, नाकातून, त्या झुलत्या चालीवर गात होत्या... लिंबलोण गं आये, लिंबलोण, दारी आलंया कोन...

माझी मान खाली गेली होती. मी ती वर केली, आणि गाणं संपल्यावर उंबरा ओलांडून आत गेले.